सक्तीची फौज आणि सोप्यातला वाद

वाचकाचं पत्र: "मी निपाणी भागातला शेतकरी. अडीच एकरांत ऊस, थोडी तंबाखू. थोरला मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, नुकती साडेसतरा पूर्ण झालीत. गेल्या महिन्यात मोबाईलवर मेसेज आला की आता प्रत्येकाला पाच वर्षं सैन्यात जावंच लागणार, कायदा तयार आहे. आमचे दाजी रिटायर सुभेदार. ते म्हणतात, हे पन्नास वर्षांपूर्वीच व्हायला पाहिजे होतं, पोरं वळणावर आली असती. पुतण्या बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये, तो म्हणतो ही गुलामी. यात्रेला सगळे जमले तेव्हा सोप्यात हा वाद एवढा पेटला की ताटं तशीच राहिली. मला दाजींचं पटतं. पोरगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतो म्हणतोय, पण मी त्याला अग्निवीरचा फॉर्म भरायला लावणार आहे. कायदा येणारच असेल तर आज काय आणि उद्या काय? बायको चार दिवस बोलत नाही. कायदा खरंच येतोय का, यायला पाहिजे का, आणि पोराचं काय करू ते सांगा की."

नमस्कार.

मेसेज खोटा आहे. असा कायदा झालेला नाही. स्वातंत्र्यानंतर भारतात सक्तीची लष्करभरती एकदाही झालेली नाही. इंग्रजांच्या काळात, दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांवर गेलेली हिंदी फौजसुद्धा स्वतःहून भरती झालेल्यांची होती. पोटासाठी म्हणा हवं तर, पण कायद्याने ओढून नेलेली नव्हे. मेसेजातली 'पाच वर्षं' बहुधा एका जुन्या बातमीतून आली असावीत. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने शिफारस केली होती की केंद्रात किंवा राज्यात राजपत्रित नोकरी हवी असेल त्याला आधी पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करावी. ती शिफारस होती, राजपत्रित नोकरी मागणाऱ्यांपुरती होती, आणि अमलात आली नाही. शिवाय मधूनअधून एखादे खासदार सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाचं खासगी विधेयक मांडतात. दिल्लीत 'विधेयक मांडलं' असतं, ते संकेश्वरपर्यंत येईतो 'कायदा झाला' होतं. खासगी विधेयकाचा कायदा व्हायला १९७० नंतर मुहूर्त लागलेला नाही.

असली भरती रातोरात येतही नाही. जर्मनीने २०११ मध्ये सक्ती स्थगित केली होती. आता फौज वाढवायची म्हणून त्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये कायदा केला, तरी १ जानेवारी २०२६ पासून अठरा वर्षांच्या मुलांना आधी नुसती प्रश्नावली भरायची आहे, सेवा ऐच्छिकच आहे. आपल्याकडे यायचं झालं तर आधी सरकारी विधेयक, दोन्ही सभागृहं, राष्ट्रपतींची सही, राजपत्र आणि मग तालुक्यातालुक्याला नोंदणी, वैद्यकीय मंडळ, सूट मागणाऱ्यांसाठी अपिलाची सोय. यातलं काही दिसलं तर बोलू.

तेव्हा 'आज काय आणि उद्या काय' हे तुमचं गणित पहिल्याच पायरीवर मोडतं. 'उद्या' नाहीच.

आता यायला पाहिजे का. पुतण्याची 'गुलामी' कायद्याच्या भाषेत टिकत नाही. राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारी बंद करतं, पण त्याच कलमाचा दुसरा भाग सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायला मुभा देतो. अट एवढीच की नुसत्या धर्म, वंश, जात किंवा वर्गावरून भेदभाव करायचा नाही. कलम ५१ क मध्ये देशाचं रक्षण आणि आवाहन झाल्यावर राष्ट्रसेवा हे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. १९७२ साली तर तिशीच्या आतल्या डॉक्टर आणि इंजिनिअरांना चार वर्षांपर्यंत राष्ट्रसेवेला बोलावता येईल असा कायदाही संसदेने केला. सॉफ्टवेअरवाल्या पुतण्याला हे जरूर ऐकवा, चेहरा बघण्यासारखा होईल.

म्हणजे सरकारला सक्ती आणता येते. आणावी का, हे मात्र हिशेबाने ठरतं, आणि तो हिशेब दाजींच्या बाजूने येत नाही.

देशात दरवर्षी अठरा पूर्ण करणारे मुलगेच एक कोटीच्या वर आहेत. सगळं भूदल बारा लाखांच्या आसपास. एका वर्षाची पोरं अख्ख्या फौजेच्या आठपट! आपल्यापुरतं बघा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा ४७.७९ लाखांचा होता, म्हणजे एकाच वयाचे मुलगे ढोबळ मानाने चाळीस हजारांहून कमी नाहीत. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमध्ये पायदळाच्या अग्निवीराला ३१ आठवडे घडवतात. प्रत्येक पोराला पलंग लागतो, मापाचे बूट लागतात, रायफल लागते, फायरिंग रेंजवर पाळी लागते. सगळ्यात अवघड म्हणजे मागे उभा राहून त्याची मूठ आणि श्वास दुरुस्त करणारा उस्ताद लागतो. उस्ताद बाजारात मिळत नाही, तो पलटणीतून काढून आणावा लागतो. जितकी नवखी पोरं वाढतील तितके मुरलेले हवालदार सीमेवरून उठवून कवायतीच्या मैदानावर आणायचे. दाजी सुभेदार होते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळेल. त्यांना एवढंच विचारा की कंपनीतले निम्मे एनसीओ (नायक-हवालदार) कुणी शिकवायला मागितले तर त्यांनी दिले असते का.

पैशाचंही तेच. एक कोटी मुलांना महिना नुसते दहा हजार दिले तरी वर्षाला १.२ लाख कोटी रुपये होतात. त्यात जेवण, कपडे, दारूगोळा धरलेलाच नाही. २०२५-२६ चं सगळं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटींचं, त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनला जातात. पेन्शनच्या ओझ्याचा विचार अग्निपथ योजनेमागे (अग्निवीर याच योजनेतले) होता, हे उघड गुपित आहे. फौजेला माणसं मिळत नाहीत असं दुखणं आपल्याकडे नाहीच. एका जागेमागे किती पोरं पळतात ते रॅलीच्या आदल्या रात्री बेळगावच्या स्टँडवर झोपलेल्यांकडे बघून कळतं. त्यावर गरज नसताना माणसं कोंबायची, तर आपल्या भाषेत त्याला जुना शब्द आहे, खोगीरभरती. आणि लढणाऱ्यांपेक्षा खाणारी तोंडं जास्त झाली की काय होतं, ते पानिपतावर बाजारबुणग्यांनी दाखवून दिलंच आहे.

मग इस्रायल, कोरिया, सिंगापूरला कसं जमतं? लोकसंख्या थोडी, शत्रू उशाशी. शिवाय सेवा संपली तरी माणूस राखीव दलात राहतो, अधूनमधून परत बोलावला जातो. सिंगापुरात १९६७ पासून दोन वर्षांची सेवा आहे आणि शिपाई चाळिशीपर्यंत राखीव यादीत असतो. दक्षिण कोरियात भूदलाचे १८ महिने. स्वित्झर्लंडच्या लोकांनी २०१३ मध्ये सार्वमत घेऊन सक्ती राखली. तिथं सेवा न करणाऱ्याला उत्पन्नाच्या तीन टक्के कर भरावा लागतो. ज्याचं मन हत्यार धरायला घेत नाही त्यालाही कोरियात २०२० पासून पर्याय आहे, पण तो म्हणजे ३६ महिने तुरुंगात राहून तिथली कामं करणं, शिपायाच्या दुप्पट. नॉर्वेत कायदा मुलींनाही लागू आहे, तरी सगळ्यांना घेत नाहीत. चाचण्या घेऊन हवे तेवढेच निवडतात. सक्तीच्या देशातसुद्धा शेवटी निवडच करावी लागते, ही त्यातली मेख.

आणि 'सगळ्यांना समान' कुठंच राहत नाही. अमेरिकेत व्हिएतनामच्या काळात कॉलेजात नाव असलेल्याला सवलत मिळायची. ओरड झाल्यावर डिसेंबर १९६९ मध्ये जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि १९७३ मध्ये सक्तीच बंद केली. इस्रायलमध्ये कट्टर धार्मिक समाजाच्या सुटीवर २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. आपल्याकडे सक्ती आली तर पाठदुखीचं सर्टिफिकेट बेंगळूरच्या मोठ्या दवाखान्यातून कुणाला मिळेल आणि ऊसतोडीला जाणाऱ्याच्या पोराला कुणी देईल का, हे तुम्हीच सांगा.

राहिली शिस्त. तोही प्रयोग आपण करून बसलोय. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची केली होती. १९६८ मध्ये ती परत ऐच्छिक करावी लागली. आज एनसीसीत जी मुलं दिसतात ती आपल्या पायांनी आलेली असतात, म्हणून पहाटे सहाला बूट चमकवून उभी राहतात. दाजींना जी शिस्त आठवते तीसुद्धा राजीखुशीने भरती झालेल्यांचीच होती. हा मुद्दा त्यांच्यासमोर जपून मांडा.

आता पोराचं. देशात सक्ती नाही, पण तुमच्या घरात ती लागू झालेली दिसते. आणि इथं एक गोष्ट दाजींच्या बोलण्यात सुटली आहे: त्यांची फौज आणि पोराची फौज एक नाही. दाजींना पेन्शन आहे, कँटीनचं कार्ड आहे, दवाखाना आहे. अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची. हजार रुपयांत लिहितो: दरमहा पगार पहिल्या वर्षी ३०, दुसऱ्या ३३, तिसऱ्या ३६.५, चौथ्या ४०. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१ हजार. चार वर्षांत त्याचे ५.०२ लाख जमतात, तितकेच सरकार घालतं, व्याजासह साधारण ११.७१ लाख करमुक्त मिळतात. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. शंभरातले जास्तीत जास्त २५ पुढे कायम होतात. मधेच 'नको' म्हणून बाहेर पडता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल तरच. चार वर्षं लग्न करायचं नाही.

हे वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. आवड असलेल्या पोराला बाविसाव्या वर्षी हातात अकरा लाख, घडलेलं शरीर आणि केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जाहीर झालेलं आरक्षण, हा चांगला सौदा आहे. मनाविरुद्ध गेलेल्या पोराला तीच चार वर्षं डोंगराएवढी. अठरा पूर्ण नसतील तर भरतीच्या कागदावर आईवडिलांची सही लागते, हे खरं. पण ती सही मुलाच्या सहीबरोबर असते, तिच्या जागी नसते. आणि तिथं वहिनींनाही बोलायचा हक्क आहे.

मधली वाट आहे, ती वयाच्या हिशेबाने काढायची. अग्निवीरसाठी साडेसतरा ही खालची मर्यादा, योजनेत वरची २१ ठरली होती. दर भरतीच्या अधिसूचनेत 'या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले' असं लिहिलेलं असतं, तेच प्रमाण धरायचं. पोराची पीयूसी सायन्सची असेल तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. म्हणजे विसाव्या वर्षी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा हातात आणि दार अजून उघडं. आर्ट्‌स-कॉमर्स असेल तर तीन वर्षं लागतात आणि वयाचं दार जवळजवळ मिटतं, हे आजच बघून घ्या. भूदलात 'टेक्निकल' पदाला आयटीआय-डिप्लोमावाल्यांना जादा गुण मिळतात. हवाई दलाच्या अग्निवीरवायूला तर इलेक्ट्रिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा ५० टक्क्यांनी पास ही थेट पात्रताच आहे (दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतलेल्यांनी त्या वर्षीची अट वाचून घ्यावी), आणि त्यांचं ट्रेनिंग स्कूल आपल्या बेळगावजवळच्या सांबऱ्यालाच आहे. डिप्लोमा करताना कॉलेजात एनसीसी असेल तर घालावं. प्रमाणपत्राला बोनस गुण आहेत आणि पोराला स्वतःला कळेल की हे जमतंय की नाही.

तो स्वतः हो म्हणाला, तरच पुढचं वाचा.

पहिली गल्लत आपल्या भागात जिल्ह्याची होते. कोल्हापूरचं भरती कार्यालय कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याचं. तुम्ही कागल ओलांडून कोल्हापूरला तासाभरात पोचत असाल, पण रहिवास बेळगाव जिल्ह्याचा, म्हणून अर्ज बेळगाव कार्यालयातच. यात एक फायदाही आहे: जनरल ड्यूटी, म्हणजे साध्या शिपायाच्या पदासाठी महाराष्ट्राच्या उमेदवाराला उंची १६८ सेंमी लागते, कर्नाटकाच्याला १६६. सीमेने आपल्याला दिलेली ही दोन सेंटिमीटर! छाती ७७, फुगवून ५ ची वाढ.

आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान. जनरल ड्यूटीला एका तासात ५० प्रश्न, १०० गुण, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. २०२५ पासून ही परीक्षा मराठी आणि कन्नडसह १३ भाषांत देता येते; मराठी माध्यमाच्या पोराने फॉर्म भरताना भाषा नीट निवडावी, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नये. उमेदवाराची फी २५० रुपये. त्यापलीकडे 'सेटिंग'साठी कुणी पैसे मागितले तर तो ठग समजा, मग तो कितीही जुना फौजी असो.

मैदानात १.६ किलोमीटर, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकचे चार फेरे. साडेपाच मिनिटांच्या आत ६० गुण, ५:३१ ते ५:४५ मध्ये ४८, पुढे आणखी घसरण. साडेपाच मिनिटं म्हणजे फेऱ्याला ८२ सेकंद. पोरं मार कुठं खातात? घोळक्यात मागे पडू या भीतीने पहिला फेरा सत्तरीत मारतात, तिसऱ्यात पाय दगड होतात. आठवड्यातून दोनदा ४०० मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक ८२ ते ८५ सेकंदांत, मधे दोन मिनिटं चालणं. एक दिवस पाच किलोमीटर रमतगमत. डांबरी रस्त्यापेक्षा पाणंद बरी, नडगीचं दुखणं कमी होतं. पुलअप दहा मारले तर ४० गुण, सहाला १६. एकही येत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर न्यायची आणि दहापर्यंत मोजत हळूहळू खाली यायचं. आठ आठवड्यांत फरक पडतो. शिवाय नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, यात नुसतं पास व्हायचं असतं.

मेडिकलला जाण्याआधी घरी तपासा. ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवा. टाच ते चवडा अख्खा ठसा उमटला आणि मधली कमान दिसली नाही तर आधी डॉक्टरांना दाखवा. उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना घासतात का बघा. कानातला मळ काढून घ्या, फुकटचं अनफिट होतं. दात किडलेले असतील तर भरून घ्या, गुटखा आज बंद (तंबाखू पिकवणाऱ्याला हे सांगणं जड जातंय). आणि गोंदण! कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीवरच चालतं. दंडावर, छातीवर महाराज गोंदवून घेतलेली पोरं महाराजांचा जयघोष करणाऱ्या रेजिमेंटच्या दारातून परत जातात.

कागदांत घात होतो तो स्पेलिंगचा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर नाव आणि नुसती आद्याक्षरं, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण. कन्नडमधून इंग्रजीत जाताना 'जाधव'मधला 'एच' गळलेला, 'चौगुले' कुठे 'चौगले' झालेले. अर्जात मार्क्सकार्डाप्रमाणे नाव भरायचं आणि आधार त्याला जुळवून घ्यायचं, फॉर्म निघण्याआधी. नंतर धावाधाव करून जमत नाही. नाडकचेरीचे (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) रहिवासी आणि जातीचे दाखले लागतात. ग्रामपंचायतीचा अविवाहित असल्याचा आणि चारित्र्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला, फोटो लावलेला हवा.

२०२४ मध्ये अर्ज १३ फेब्रुवारीला सुरू झाले होते, २०२५ मध्ये १२ मार्चला. पीयूसीची परीक्षाही त्याच सुमारास असते, तेव्हा त्या दिवसांत पोराला दोन्हीकडून ओढू नका.

आणि तो मेसेज तुम्ही पुढं ज्यांना पाठवला असेल, त्यांनाही खोटा निघाला म्हणून कळवा.